वावरातल्या विहिरीतून मुंबईच्या मेट्रोकडे

मे महिन्यात पाणी तळाला गेलं की समुद्रपूर किंवा आर्वी तालुक्यातल्या एखाद्या न बांधलेल्या विहिरीत डोकावून बघा. काठापासून जरा जपून. वर काळी माती, उन्हानं भेगाळलेली. तिच्याखाली पिवळट मुरूम, पहारीनं निघणारा. त्याच्याखाली मांजऱ्या: करडा-तांबूस, भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढरे खडे घट्ट बसलेले. मग काळा कातळ. त्याच्यापाशी पहार हरते आणि सुरुंगवाल्याला बोलवावं लागतं. कुठे कुठे दगडाच्या दोन थरांमध्ये विटकरी मातीचा एक पट्टा दिसतो, आणि पाझर येत असतो तो बहुधा मांजऱ्यातून, नाहीतर कातळाच्या एखाद्या भेगेतून.

मुंबईत जमिनीच्या वीस-पंचवीस मीटर खालून आज जी मेट्रो धावते, तिच्या आजूबाजूचा बराचसा ऐवज तुम्ही आत्ताच पाहिलात.

पटत नाही ना? कुठे वर्ध्याचं वावर, कुठे कफ परेड! रेल्वेनं गेलं तर मध्ये साडेसातशे किलोमीटरचं अंतर. पण साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या अंतराला काही अर्थ नव्हता. ज्वालामुखी म्हटलं की टोकाशी धूर निघणारा डोंगर डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे झालं ते निराळंच. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर येऊन पसरत गेला. एक थर पसरला, निवला. मग काही काळ, कधी हजारो वर्षं, सगळं शांत. पुन्हा लाव्हा, पुन्हा थर. असं होता होता आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक असलेला बेसॉल्टचा प्रचंड पसारा तयार झाला. भूशास्त्रज्ञ डेक्कन ट्रॅप म्हणतात ते हेच. सह्याद्रीकडे हे थर दोन किलोमीटरच्या घरात जाड आहेत. पूर्वेकडे पातळ होत होत नागपूरच्या आसपास संपतात. वर्धा जिल्हा या पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या कडेजवळ, मुंबई पश्चिमेच्या कडेवर. सेवाग्राम एक्स्प्रेस एका रात्रीत आपल्याला या टोकाकडून त्या टोकाला नेते. वाटेत कुठे तापी-पूर्णेचा गाळ वर पसरलेला असतो, पण त्याच्याही खाली कातळ तोच.

आता मांजऱ्याची भोकं. लाव्हा पसरत असताना त्याच्या पोटात वायू असतो. तो बुडबुड्यांनी वर येतो, पण तोवर वरचा भाग निवत आलेला असतो, म्हणून बुडबुडे अडकतात. त्यामुळे प्रत्येक थराचं पोट घट्ट आणि माथा भोकाभोकांचा. पुढे लाखो वर्षं त्या भोकांतून खनिजं विरघळलेलं पाणी फिरलं आणि भोकाभोकांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी, हिरवट खडे वाढले. बाहेरचा दगड झिजून गेला की हे खडे सुटे होतात. आपल्या गिरडच्या टेकडीवर, शेख फरीदबाबांच्या दर्ग्याच्या परिसरात, असे गोल खडे पडलेले असतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, त्याचेच हे नारळ नि जायफळं, अशी तिथली आख्यायिका. भूशास्त्राची हकिगतही काही कमी अद्भुत नाही: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यात अडकलेल्या एका बुडबुड्याचा आकार आपण हातात धरलेला असतो.

विटकरी पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. आधीचा थर उघडा पडला, पावसापाण्यानं कुजला, त्याची माती झाली, आणि मग नव्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. या विश्रांतीच्या काळात आयुष्य थांबलं नव्हतं बरं का. तळी साचली, झाडं उगवली. वरळीच्या टेकडीतल्या अशाच दोन थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन छापलं. इंडोबॅट्रॅकस हे त्यांचं आजचं नाव. मुंबईची मेट्रो आता त्याच वरळीच्या खालून जाते. गाडीत माणसं मोबाइल बघत बसलेली असतात आणि आसपासच्या दगडात एक बुजलेलं तळं असू शकतं!

तर प्रश्न असा: भुयार खोदायला हा दगड बरा की वाईट?

त्याचं उत्तर देण्याआधी लंडनला जाऊन यायला हवं, कारण शहराखालून आगगाडी न्यायचा पहिला वेडेपणा तिथे झाला. १० जानेवारी १८६३. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि वर्ध्याला तर रेल्वे यायची होती. लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुमारे सहा किलोमीटरची भुयारी रेल्वे सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी अडतीस हजारांच्या आसपास लोक तिच्यातून फिरले. वीज? छे! इंजिन वाफेचं, कोळशाचं. बोगद्यात धूर, डब्यांत गॅसचे दिवे. लोक खोकत गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. खोदण्याची रीतही सरळसोट होती: रस्ता उकरा, खंदक करा, त्यात रूळ टाका, वर छत बांधा, पुन्हा रस्ता करा. तोवर त्या रस्त्यावरच्या लोकांचं काय झालं असेल, ते नव्यानं काँक्रीट होणाऱ्या कुठल्याही रस्त्याकाठी राहणाऱ्यांनी सहज ओळखावं.

रस्ता न उकरता आत शिरायची युक्ती मात्र त्याच्याही आधी सुचली होती, आणि ती सुचवली एका किड्यानं. खरं तर किडाही नव्हे, शिंपल्याच्या जातीचा तो एक लांबट जीव. समुद्रातल्या लाकडी जहाजांना तो भोकं पाडतो. डोक्यावरच्या बारीक शिंपल्यांनी पुढचं लाकूड कुरतडतो आणि मागे राहिलेल्या भोकाला आतून चुन्याचा गिलावा करत जातो, म्हणजे ते मिटत नाही. मार्क ब्रुनेल या अभियंत्यानं हे पाहिलं आणि थेम्स नदीखालून बोगदा काढण्यासाठी एक अवाढव्य लोखंडी चौकट बनवली. तिच्यात ३६ खण, प्रत्येक खणात एक मजूर. प्रत्येकानं आपल्यापुढची माती चार-पाच इंच खणायची, मग चौकट जॅकनं पुढे सरकवायची, आणि मागे गवंड्यांनी लगेच विटांचं बांधकाम करायचं. १८२५ ला काम सुरू झालं. नदी अनेकदा आत घुसली. १८२८ च्या पुरात सहा माणसं दगावली आणि ब्रुनेलचा मुलगा इसांबार्ड मरता मरता वाचला. १८४३ ला बोगदा खुला झाला. तो आजही वापरात आहे, त्यातून रोज गाड्या जातात.

पुढे खणा, आपण सुरक्षित राहा, मागे बांधत चला. जगातल्या प्रत्येक भुयारी मेट्रोचं यंत्र आजही एवढंच करतं. बदललं ते पुढचं तोंड, कारण प्रत्येक शहराच्या पोटात माल निराळा. लंडनच्या उत्तर भागाखाली निळसर चिकणमातीचा जाड थर आहे. ती कापायला मऊ, आणि कापली तरी थोडा वेळ उभी राहते. बोगदा खणणाऱ्याला याहून काय हवं? थेम्सच्या दक्षिणेला पाणी भरलेली वाळू-खडी जास्त. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा बघा, बहुतेक जाळं नदीच्या उत्तरेला दिसेल. कारणं इतरही आहेत, पण मातीनं मारलेली रेघ त्यात स्पष्ट दिसते.

आणि आपला बेसॉल्ट? त्याचं उत्तर आहे: कातळ लागला तर यंत्राला त्रास, पण वरच्या घरांना सुख. तो सहज ढासळत नाही. फक्त तो कापायचा कसा, ही पंचाईत.

मुंबईच्या मेट्रो-३ चा, म्हणजे कफ परेड ते आरे या साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गाचा विचार करा. २७ स्थानकं, त्यांतली २६ जमिनीखाली. जाण्याचा बोगदा वेगळा, येण्याचा वेगळा. त्यासाठी तब्बल १७ यंत्रं शहराच्या पोटात उतरवली. बोगदा खोदणाऱ्या यंत्राला कामावरची माणसं टीबीएम म्हणतात. त्याच्या तोंडाशी पोलादाचं गोल चक्र असतं, सुमारे साडेसहा मीटर व्यासाचं, दोन मजली घराएवढं उंच. या तोंडामागे शंभर मीटरच्या आसपास लांबीची शेपूट: मोटारी, पंप, पट्टे, चालकाची केबिन. एवढं धूड अख्खं उतरवणार कसं? तुकड्यातुकड्यांनी. आधी एक चौकोनी खड्डा घेतात, त्यात तुकडे क्रेननं सोडतात आणि तळाशी ते जोडतात.

आता गंमत बघा. काळा कातळ कापायला या चक्रावर धारदार पाती असतील, असं आपल्याला वाटतं. पातीबिती काही नसतात. असतात त्या पोलादी चकत्या, हातभर व्यासाच्या, आपल्या आसाभोवती मोकळ्या फिरणाऱ्या. चक्र सावकाश फिरतं आणि प्रत्येक चकती दगडावर वीस-पंचवीस टनांपर्यंतच्या दाबानं रेटली जाते. ती दगड कापत नाही, त्याच्यावरून नुसती घरंगळत जाते आणि एक खोबण पाडते. तिच्या शेजारची चकती चार बोटं सोडून दुसरी खोबण पाडते. दाबून फोडायचा म्हटलं तर बेसॉल्ट महाकठीण. पण ताणायला लागलं की तो फार दुबळा, दाबाच्या दहाव्या हिश्शानंसुद्धा तुटतो. दोन खोबणींखालून बारीक चिरा निघतात, एकमेकींना मिळतात, आणि मधली दगडाची खपली तडकन उडते. डोंगराएवढी ताकद लावून डोंगर फुटत नाही. त्याचा दुबळेपणा कुठे आहे ते हेरलं की फुटतो. आपल्याकडचे वडार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. घण कुठेही घालायचा नसतो, दगडाची रेघ बघून घालायचा असतो.

खपल्या चक्राच्या भोकांतून आत येतात, पट्ट्यावरून मागे जातात, छोट्या गाड्यांनी खड्ड्यापर्यंत आणि क्रेननं वर. पण यंत्र पुढे सरकतं कशाच्या जोरावर? रेटायचं तर पाठीला टेकू हवा. तो टेकू म्हणजे नुकतीच बांधलेली बोगद्याची भिंत! दीड मीटरच्या आसपास खणून झालं की यंत्र थांबतं. मागच्या अंगाला काँक्रीटचे वाकवलेले तुकडे यांत्रिक हातानं उचलून एकाला एक लावले जातात. त्यांना सेगमेंट म्हणतात. शेवटचा तुकडा पाचरीच्या आकाराचा. तो सरकवला की कडं पूर्ण. त्या कड्याला नाव रिंग. मग जॅक त्या रिंगवर पाय रोवून यंत्राला पुढे ढकलतात. खणलेल्या दगडात नि रिंगमध्ये जी पोकळी उरते, तीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबानं भरतात, म्हणजे वरची जमीन तिच्यात बसू पाहणार नाही. पुन्हा दीड मीटर, पुन्हा रिंग. दिवसाला दहा-पंधरा मीटर झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

इथे एक प्रश्न मला फार दिवस छळत होता. सगळ्या रिंगा सारख्या, साच्यातून काढलेल्या. मग बोगदा वळतो कसा? मुंबईसारख्या शहरात तर तो सतत वळतो, चढतो, उतरतो. उत्तर इतकं सोपं आहे की हसू येतं. रिंग एका बाजूला किंचित अरुंद केलेली असते, दोन-चार बोटांचा फरक. अरुंद बाजू उजवीकडे ठेवून रिंगा बसवत गेलात की बोगदा उजवीकडे वळतो; वर ठेवलीत की चढतो; आलटून पालटून ठेवलीत की सरळ जातो. एकाच नमुन्याच्या कड्यांतून कुठलंही वळण!

आणि अंधारात दिशा कशी कळते? खाली जीपीएस पोचत नाही. जमिनीवर काटेकोर मोजलेले बिंदू खड्ड्यातून खाली उतरवायचे, तिथून लेसरचा किरण यंत्राच्या पाठीवरच्या खुणेवर सोडायचा, आणि यंत्र किती भरकटलं ते दर क्षणी पडद्यावर बघायचं. किलोमीटरभर खणून यंत्र पलीकडच्या स्थानकाची भिंत फोडून बाहेर येतं तेव्हा चूक काही सेंटिमीटरांपलीकडे गेलेली चालत नाही.

मुंबईच्या यंत्रांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती: वैतरणा, तानसा, सूर्या, कृष्णा, गोदावरी. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पहिल्यांदा पलीकडे भिंत फोडून बाहेर आली ती कोण? वैनगंगा. आपली वर्धा जिला भेटून प्राणहिता होते, तीच. विदर्भाच्या माणसानं इथे थोडं खूश व्हायला हरकत नाही. शेवटची, बेचाळिसावी भिंत ३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मीला फुटली.

या सगळ्यात त्रास कुठे झाला असेल? निव्वळ कातळात नाही, निव्वळ मातीतही नाही. चक्राच्या वरच्या अर्ध्या भागापुढे भुसभुशीत माती आणि खालच्या अर्ध्यापुढे काळा पाषाण आला, की यंत्राचे हाल. वर घास सहज जातो, खाली जात नाही. चकत्या मातीत मोकळ्या फिरून एकदम दगडावर आपटतात नि तुटतात. मुंबई तर भराव घालून एकमेकांना जोडलेल्या बेटांचं शहर. तिथे शेकडो पावलांत जमिनीचा स्वभाव पालटतो: इकडे समुद्राचा गाळ, तिकडे ज्वालामुखीच्या राखेचा ठिसूळ दगड, मध्येच घट्ट बेसॉल्ट. म्हणून खणण्याआधी ठिकठिकाणी भोकं पाडून दगडाच्या लांब कांड्या वर काढतात आणि पेट्यांत क्रमानं मांडून ठेवतात. शेतात बोअर घेताना आपण चुऱ्याचा रंग बघून पाण्याचा अंदाज बांधतो, त्याच कामाचं हे थोरलं रूप.

बोगदा यंत्रानं होतो, पण स्थानक? ते मात्र विहिरीसारखंच करावं लागतं. वरून खाली. भोवती आधी जमिनीत काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत उतरवतात, मग आतला माल काढत जातात, आणि भिंती आत कलू नयेत म्हणून आडवे पोलादी टेकू देतात. फरक आकाराचा: आपली विहीर तीस-चाळीस फूट खोल, ही सत्तर-ऐंशी फूट खोल आणि दोनशे मीटरच्या आसपास लांब. तिच्यात आठ डब्यांची गाडी उभी राहायला हवी ना!

पण गिरगाव आणि काळबादेवीला अशी विहीर घेणार कुठे? दोन्हीकडे चाळी, खाली दुकानं, मध्ये रस्ता एवढासा. तिथे एका बाजूला जमेल तेवढीच जागा उघडली आणि फलाटांची दालनं आडवी, आतल्या आत कोरली. या पद्धतीत घाई चालत नाही. थोडासा दगड काढायचा. लगेच त्यावर काँक्रीटचा फवारा मारायचा. दगडात लांब सळया ठोकून त्याला त्याच्याच पाठीमागच्या दगडाशी बांधून टाकायचं. आणि मग मोजायचं: छत किती मिलिमीटर खाली आलं? वरच्या चाळीची भिंत कलली का? तडा रुंदावला का? इमारतींवर बसवलेली उपकरणं हे आकडे देत राहतात आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरतं. यात छत पेलणारं काँक्रीट हा दुय्यम गडी. खरा भार कातळ स्वतःच पेलतो, त्याला फक्त सैल पडू द्यायचं नसतं. अजिंठा-वेरूळच्या कारागिरांनी याच बेसॉल्टवर भरवसा टाकून लेणी कोरली होती, सळया आणि फवारे नसताना.

माझी एक तक्रार इथेच नोंदवतो. एवढा कातळ कोरला आणि मग सगळीकडे चकचकीत पत्रे नि फरशा लावून तो झाकून टाकला. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये मेट्रोची कितीतरी स्थानकं उघड्या खडकाची आहेत. खडकावर थेट रंगकाम केलंय, काही ठिकाणी पाणी झिरपतं तेही दिसतं. मुंबईत भूगर्भातलं पाणी जास्त, गर्दी जास्त, हे कबूल. तरी सव्वीस स्थानकांपैकी एकाच्या भिंतीवर, काचेमागे का होईना, हातभर बेसॉल्ट उघडा ठेवून शेजारी त्याचं वय लिहिलं असतं तर मुलांनी तिथे गर्दी केली असती.

पाण्याचं नाव निघालंच आहे. भुयारी रेल्वेचा खरा वैरी दगड नव्हे, पाणी. मुंबईत बोगदे धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मध्ये मिठी नदीखालून जातात. कोलकात्यात तर त्याहून धाडस. तिथे कातळ नाहीच, सगळा गंगेचा गाळ. देशातली पहिली मेट्रो त्याच गाळात झाली. १९७२ च्या डिसेंबरात पायाभरणी, २४ ऑक्टोबर १९८४ ला पहिली गाडी. एस्प्लनेड ते भवानीपूर, सव्वातीन-साडेतीन किलोमीटर फक्त. बारा वर्षं! पुढे मार्च २०२४ मध्ये तिथली गाडी हुगळी नदीच्या तळाखालून, पाचशेवीस मीटर रुंद पात्र ओलांडून धावू लागली. पण त्याच मार्गावर २०१९ च्या ऑगस्ट अखेरीस बहुबाजार भागात यंत्रानं जमिनीतल्या पाण्याच्या साठ्याला हात लावला, पाणी-वाळू बोगद्यात घुसली आणि वरची घरं कोसळली. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, १९७४ मध्ये असंच झालं. तिथे काय केलं असेल? जमिनीत द्रवरूप नायट्रोजन सोडून ती गोठवली आणि गोठलेल्या जमिनीतून बोगदा काढला. १९९५ ला तिथे पुन्हा पाणी शिरलं, रेल्वेचा तो तुकडा बंद पडला आणि जोडणी पूर्ववत व्हायला २००४ उजाडलं. बांधून झाल्यावरही पाणी विसरत नाही, याचा धडा मुंबईला लगेच मिळाला: मे २०२५ च्या सुरुवातीला वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गाडी आली, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या पावसात स्थानकात पाणी घुसलं. ते खालून नव्हे, वरून, अर्धवट राहिलेल्या प्रवेशमार्गातून. पुढचा कफ परेडपर्यंतचा टप्पा त्या ऑक्टोबरात सुरू झाला.

खोलीचं म्हणाल तर आपण अजून वरवरच आहोत. पुण्याचं दिवाणी न्यायालयाचं भुयारी स्थानक सुमारे तेहतीस मीटर खोल, आणि ते देशातल्या सर्वांत खोल स्थानकांत गणलं जातं. युक्रेनच्या कीव शहरातलं आर्सेनाल्ना स्थानक शंभर मीटरहून जास्त खोल आहे. नदीकाठच्या उंच टेकडीखाली ते आल्यामुळे सरकत्या जिन्यावरून उतरायलाच चार-पाच मिनिटं जातात. युद्धात लोक तिथे आसरा घ्यायला उतरतात.

आणि उष्णता? गाडी ब्रेक लावते तेव्हा तिची गती बरीचशी उष्णतेत जाते. ती भुयारातून जाणार कुठे? लंडनच्या जुन्या मार्गांवर ती शंभर वर्षं आसपासच्या मातीत मुरत गेली. सुरुवातीला ज्या मातीचं तापमान चौदा अंशांच्या आसपास होतं आणि जी बोगद्यांना गार ठेवायची, ती आता इतकी तापली आहे की उन्हाळ्यात थंडावा मागायची सोयच उरली नाही. एका शहराची माती गाड्यांच्या ब्रेकनं तापवली! म्हणून आजच्या मेट्रो ब्रेक लावताना मोटरीकडूनच वीज तयार करून घेतात आणि ती परत तारेत सोडतात, आणि मुंबईत फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेचे दरवाजे आहेत, म्हणजे फलाटाचा गारवा बोगद्यात जात नाही आणि गाडीनं पुढे लोटलेला वारा अंगावर येत नाही.

एवढं सगळं वाचून कोणी विचारेल, मग नागपूरची मेट्रो खांबांवर का? खाली बराचसा तोच दगड असताना? पैशाचा हिशेब बघा. मुंबईच्या साडेतेहतीस किलोमीटरला सदतीस हजार कोटींहून जास्त लागले. नागपूरचा पहिला टप्पा सुमारे चाळीस किलोमीटरचा, तो साडेआठ हजार कोटींच्या थोडा वर. किलोमीटरमागे पाचपट फरक! रस्ता रुंद असेल तर वर जायचं, रस्ताच नसेल तर खाली. जगातली बहुतेक शहरं याच हिशेबानं चालतात. गिरगावात खांब रोवायला जागाच नव्हती. नागपूरला होती, आणि तिथल्या लोकांनी ती अशी वापरली की गिनीजवाल्यांना दखल घ्यावी लागली. आपण वर्ध्याहून नागपुरात शिरतो तो वर्धा रोड आठवा: खाली जुना रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, आणि त्याच खांबांवर सर्वांत वर मेट्रो. ३.१४ किलोमीटर लांब. मेट्रोचा जगातला सर्वांत लांब दुमजली पूल म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये त्याची नोंद झाली. दुसऱ्या टप्प्यात हीच मार्गिका मिहानहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दिशेनं, आणखी साडेअठरा किलोमीटर येणार आहे. तीही बहुतांशी खांबांवरूनच, आणि प्रत्येक खांबाच्या जागी आधी भोक पाडून खाली मांजऱ्या किती, कातळ किती, हे बघावं लागणार आहेच.